घरची आघाडी आणि आजोबांची कवळी

७ मे २०२५ हा दिवस आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घ्यावा, असे केंद्र सरकारने ठरवले होते. महाराष्ट्रातील ज्या ठिकाणांची नावे त्या यादीत होती, त्यांत नाशिक आणि सिन्नरबरोबर आपल्या नांदगाव तालुक्यातील मनमाडचेही नाव होते. भोंगा वाजला की काय करायचे, दिवे कधी मालवायचे, घराबाहेर पडण्याची वेळ आली तर बरोबर काय घ्यायचे, याची चर्चा त्या आठवड्यात घरोघरी झाली. १९६५ आणि १९७१ साली खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी नातवंडांना त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. विजेरी, पाण्याची बाटली, औषधे, आधार कार्ड, थोडी रोख रक्कम, अशा याद्याही तयार झाल्या.

त्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी एक प्रश्न आवर्जून विचारत असे, "तुमच्या पिशवीत कवळीची डबी ठेवलीत का?" बहुतेक जण हसत. एका आजींनी मात्र उत्तर दिले, "डॉक्टर, जीव वाचवायच्या वेळी दात कोण शोधत बसणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण जीव वाचल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागते, आणि तेव्हा दातांची आठवण होते. युद्धांच्या इतिहासानेही हा धडा असाच उशिरा आणि मोठी किंमत मोजून शिकवला आहे. आजच्या लेखात त्या इतिहासाकडे आणि त्यातून आपल्या घरासाठी काय घेता येईल याकडे पाहू.

नातवाचे गुण

त्याच उन्हाळ्यात नांदगावजवळच्या एका गावातून एक कुटुंब माझ्याकडे आले. मुलगा एकोणीस वर्षांचा. पहाटे उठून धावण्याचा सराव करणारा, सैन्यभरतीच्या तयारीत असलेला. बरोबर त्याची आई होती आणि आजोबाही होते. आजोबा स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते ऐन विशीत, गणवेशात होते.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचे गुण मोजतात, हे मुलाने ऐकले होते. ते कसे मोजतात, हे त्याला समजावून सांगितले. वरचा दात आणि त्याच्यासमोरचा खालचा दात एकमेकांवर नीट टेकून काम करत असतील, तर त्या जोडीला गुण मिळतो. पटाशीचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला एक गुण. पहिल्या व दुसऱ्या दाढांच्या आणि पूर्ण वाढलेल्या अक्कलदाढांच्या जोडीला दोन गुण. बत्तीसही दात निकोप असतील तर बेरीज २२ होते. भरतीसाठी किमान १४ गुण लागतात. शिवाय पुढच्या सहा जोड्यांपैकी चार आणि मागच्या दहांपैकी सहा जोड्या कामाच्या असाव्या लागतात.

मुलाच्या अक्कलदाढा अजून आलेल्या नव्हत्या, म्हणजे मोजणी १८ पासून सुरू झाली. खालच्या दोन्ही पहिल्या दाढा शाळकरी वयातच काढून टाकलेल्या होत्या. चार गुण गेले, उरले १४. आणि खालच्या डाव्या दुसऱ्या दाढेला खोल कीड लागली होती. ती गेली असती तर गुण १२ झाले असते. त्या एका दाढेवर त्याचे स्वप्न उभे होते. मुळांवर उपचार करून आणि वर टोपी बसवून ती वाचवता येण्यासारखी होती. अंतिम निर्णय भरतीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचाच असतो, हे मी स्पष्ट सांगितले. तरीही आईने क्षणाचाही विचार न करता "करून टाका, डॉक्टर" असे म्हटले.

या सर्व वेळात आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर शांत बसून होते. त्यांचे गाल आत गेले होते, ओठ आत वळले होते. मी विचारले, "बाबा, तुमची कवळी?" उत्तर सुनेने दिले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना न्यूमोनियामुळे एका रुग्णालयात दाखल केले होते. तेथे कोणीतरी कवळी काढून कागदात गुंडाळून उशाशी ठेवली आणि सकाळी तो कागद कचऱ्याबरोबर गेला. "नंतर राहूनच गेलं," ती म्हणाली. "आबांचं काय, ते चहात बिस्किट बुडवून खातात. त्यांची काही तक्रार नाही."

आजोबांना तक्रार करण्याची सवय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ होता. मी वजनकाटा पुढे सरकवला. आजारपणापूर्वीच्या कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा काटा सात किलो खाली थांबला. मुलाचे गुण आम्ही तिघांनी मिळून बोटांवर मोजले होते. आजोबांचे मात्र आठ महिन्यांत कोणीच मोजले नव्हते.

सैन्य दात का मोजते?

सैनिकाच्या दातांकडे पाहण्याची रीत जुनी आहे. १८५७ च्या कडतुसांची कथा आपण शाळेत शिकलो. तिच्यातील धार्मिक भाग सर्वांना ठाऊक असतो. पण ते कडतूस दातांनी फाडावे लागत असे, हा व्यवहारातला तपशीलही महत्त्वाचा आहे. त्या काळच्या तोंडाकडून भरायच्या बंदुकांसाठी समोरचे दात शाबूत असणे ही सैनिकाची गरज होती. पुढे बंदुका बदलल्या आणि दातांचा विचार मागे पडला.

त्याची किंमत ब्रिटिश सैन्याने १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मोजली. सैनिकांना दिले जाणारे बिस्किट दगडासारखे कठीण असे आणि मांस डब्यातले. ज्यांचे दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या, त्यांना ते चावता येईना. हजारो सैनिक केवळ दातांच्या दुखण्याने रुग्णालयात गेले आणि त्यांतील कित्येकांना मायदेशी परत पाठवावे लागले. लंडनच्या गाईज रुग्णालयातील न्यूलँड-पेडली नावाचे दंतवैद्य त्या युद्धात स्वखर्चाने तेथे जाऊन सैनिकांवर उपचार करत होते. एका माणसाने स्वतःच्या खिशातून केलेले ते काम होते. सैन्याची अशी व्यवस्था नव्हती.

एवढे होऊनही १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. त्या शरद ऋतूत, एन नदीच्या काठची लढाई चालू असताना, सेनाधिकारी डग्लस हेग यांची दाढ दुखू लागली आणि त्यांच्यासाठी पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. साहेबाची दाढ ठणकली, तेव्हा सैन्याला जाग आली, असे म्हटले तरी चालेल. त्याच वर्षी पहिले मोजके दंतवैद्य आघाडीवर धाडले गेले. युद्ध संपले तेव्हा त्यांची संख्या आठशेच्या वर गेली होती. १९२१ साली ब्रिटिश सैन्यात दंतवैद्यांचे स्वतंत्र दल स्थापन झाले.

खुर्चीशेजारची देशसेवा

आघाडीवर गेलेल्या दंतवैद्यांपेक्षा गावोगावच्या आपल्या दवाखान्यात राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. युद्ध लढणारे लढतात. मागे राहिलेले लोक धान्य पिकवतात, कपडे शिवतात, रक्त देतात, जखमींची सेवा करतात. यालाच घरची आघाडी म्हणतात. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडलेली माणसे आपल्या वाचकांत आजही असतील. त्यांना ही आघाडी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दंतवैद्यांनी या आघाडीवर काय केले? ब्रिटनमध्ये भरतीसाठी आलेले असंख्य तरुण केवळ दातांमुळे नाकारले जात होते. तेथील दंतवैद्यांनी अशा तरुणांवर विनामूल्य किंवा अल्प मोबदल्यात उपचार करण्याची तयारी दाखवली. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. पण त्याच्या आदल्याच वर्षी तेथील दंतवैद्यांनी आपली एक स्वयंसेवी संघटना उभारली होती. आपला नेहमीचा दवाखाना सांभाळून, ठरावीक वेळ राखून, भरती होणाऱ्या तरुणांचे दात फुकट दुरुस्त करून द्यायचे, हे त्या संघटनेचे काम. हजारो दंतवैद्य तिच्यात सामील झाले आणि त्यांनी लाखो उपचार केले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी बंदुकीचा आवाजही ऐकला नसेल. त्यांची आघाडी खुर्चीशेजारी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत पुन्हा तेच दिसले. समोरासमोर येणारे पुढचे सहा आणि मागचे सहा, असे केवळ बारा दात शाबूत असावेत, एवढीच तेथील अट होती. तरीही सुरुवातीच्या तपासण्यांत तरुणांना नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण दात हेच निघाले. अखेर १९४२ साली अट शिथिल करून आधी तरुणांना घ्यायचे आणि मग सैन्याच्या खर्चाने त्यांचे दात नीट करायचे, असे ठरले. शांततेच्या काळात देशाने आपल्या माणसांच्या तोंडाकडे किती दुर्लक्ष केले होते, ते युद्धाने उघड केले.

आपल्याकडे काय होते?

आता आपल्या भूमीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख माणसे सैन्यात गेली. त्यांत महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांतील तरुण मोठ्या संख्येने होते. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देवळालीची मोठी लष्करी छावणी आहे. त्याच मार्गावर पुढे मनमाड आणि मग आपले नांदगाव लागते. युद्धाच्या काळात या रुळांवरून गेलेल्या फौजांच्या गाड्यांची आठवण आपल्या घरातील आधीच्या पिढीने सांगितली असेल.

या एवढ्या माणसांच्या दातांची काळजी घेण्यासाठी देशात दंतवैद्य किती होते? १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करून १९४६ साली अहवाल दिला. त्यानुसार त्या काळी तीन लाख लोकसंख्येमागे एक दंतवैद्य होता. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचे असेल तर मनमाडसह आपला आजचा संपूर्ण नांदगाव तालुका घ्या आणि त्यात एकच दंतवैद्य आहे, अशी कल्पना करा. चार हजार लोकांमागे एक दंतवैद्य असावा, असे समितीने सुचवले होते. दंतवैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झालेले, म्हणजे युद्ध पेटले तेव्हा ते अवघे सहा वर्षांचे होते.

अशा परिस्थितीत १ फेब्रुवारी १९४१ रोजी हिंदुस्थानी सैन्याचे दंतवैद्यकीय दल स्थापन झाले. आजचे आर्मी डेंटल कोर ते हेच. युद्ध संपल्यावर, १९४८ साली, दंतवैद्यकाच्या शिक्षणाला आणि व्यवसायाला शिस्त लावणारा दंतवैद्य कायदा देशाने केला. आज आपण ज्याच्याकडे जातो त्या दंतवैद्याचे नाव नोंदणीपुस्तकात असते, ते या कायद्यामुळे. आणि त्या तीन लाखांतील बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी होती, मीठ आणि कोळशाची पूड होती, ठणका असह्य झाला की दात उपटून देणारा गावातला एखादा माणूस होता. दुर्दैवाने तंबाखू भाजून केलेली मशेरीही होती. तिने दात किती राखले ते सांगता येत नाही. हिरड्या आणि गालांचे नुकसान मात्र आजही आम्ही रोज पाहतो.

रबर, कथील आणि साखर

आपल्या तोंडातली कवळी आजच्या रूपात आली, त्यामागेही युद्धाचा हात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळीची बैठक व्हल्कनाइट नावाच्या कठीण केलेल्या रबराची असे. रंगाला काळपट-तांबूस आणि लवकर वास धरणारी. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक हे नवे प्लास्टिक दंतवैद्यांच्या हाती आले. १९४२ च्या आरंभी मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि जगाचा रबराचा मोठा पुरवठा थांबला. होते ते रबर विमानांच्या आणि वाहनांच्या चाकांना लागत होते. दंतवैद्यांनी जुनी सवय सोडून ॲक्रिलिक आपलेसे केले आणि युद्ध संपेपर्यंत बहुतेक कवळ्या त्याच्याच होऊ लागल्या. हिरडीसारख्या गुलाबी रंगाची जी कवळी आपण रात्री पाण्यात ठेवता, तिचा वंश असा आहे. याच जातीच्या प्लास्टिकची विमानांची पारदर्शक आवरणे बनत. त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा फारसा चिडत नाही, हे हॅरोल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आणि १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात त्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. ज्यांच्या डोळ्यांत भिंग आणि तोंडात कवळी आहे, त्यांनी त्या युद्धाची दोन चांगली फळे घेतली आहेत.

मलायाबरोबर कथीलही गेले. टूथपेस्टच्या नळ्या तेव्हा कथलाच्या असत. अमेरिकेत १९४२ साली नियम झाला की जुनी रिकामी नळी दुकानदाराला परत केल्याशिवाय नवी मिळणार नाही. घराघरांतील माणसे नळ्या शेवटच्या थेंबापर्यंत पिळून परत करत.

तिसरी वस्तू साखर. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचे रेशनिंग सुरू झाले, ते १९५३ पर्यंत चालले. युरोपात जेथे युद्धामुळे साखर आणि गोड पदार्थ दुर्मिळ झाले, तेथे लहान मुलांच्या दातांची कीड कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले; नॉर्वेतील मुलांवरचे अभ्यास त्यांत विशेष प्रसिद्ध आहेत. युद्धाने कळत-नकळत एक प्रयोगच करून दाखवला. दिवसातून चार वेळा चहात बुडवलेले बिस्किट हे ज्येष्ठांच्या उरलेल्या दातांच्या मुळांना कीड लावणारे मोठे कारण आहे, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

मागे राहिलेली माणसे

या इतिहासात एक गोष्ट खटकते. दात मोजले गेले ते तरुणांचे, आणि तेही सैन्याला हवे होते म्हणून. घरातील वृद्धांकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता. युद्धानंतर १९४८ साली ब्रिटनने सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा कवळीसाठी एवढी माणसे रांगेत उभी राहिली की सरकारचा अंदाज साफ चुकला. १९५१ साली कवळीवर शुल्क लावावे लागले आणि त्या वादात मंत्री अनायरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. ती गरज एका वर्षात निर्माण झाली नव्हती. दात नसलेली माणसे कित्येक वर्षे मऊ पदार्थ खाऊन गप्प बसली होती. आमच्या आबांसारखी.

जपानने १९८९ साली ऐंशीव्या वर्षी तोंडात वीस दात, अशी मोहीम सुरू केली. सैन्यात कधीच न जाणाऱ्या वयाच्या माणसांचे दात मोजणारी ही मोजणी मला फार मोलाची वाटते. आपल्या घरात ती आजच सुरू करता येईल. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मोजणी करा. महिन्यातून एकदा घरातील ज्येष्ठांना उजेडात बसवून त्यांच्या तोंडात पाहा. समोरासमोर टेकणाऱ्या किती जोड्या आहेत? कोणता दात हलतो? जिभेच्या कडेला, गालाच्या आत, कवळीखाली लाल किंवा पांढरा चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे. मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर एक दिवसही उशीर नको. त्याच दिवशी वजनही लिहून ठेवा. काटा नसेल तर सैल झालेल्या बांगड्या, कमरेवरून घसरणारे धोतर आणि मनगटावर फिरणारे घड्याळ बरेच काही सांगतात.

कवळीला रात्री विश्रांती द्या. झोपताना कवळी काढावी, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासून स्वच्छ धुवावी आणि थंड पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, ॲक्रिलिक वाकते. टूथपेस्टने घासू नये. चरे पडतात आणि त्यांत जंतू राहतात. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ व्यक्तींचा अभ्यास झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. तोंडातील जंतू झोपेत श्वासाबरोबर छातीत उतरतात. म्हणून कवळी काढल्यावर हिरड्या आणि जीभही ओल्या मऊ कापडाने पुसावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे तोंड पुसताना तिचे डोके थोडे उंच आणि एका कुशीला वळवलेले असावे.

कवळीवर नाव घाला. कवळी तयार होतानाच तिच्या आतल्या बाजूस नाव बसवता येते. जुन्या कवळीवरही दंतवैद्य ते करून देऊ शकतो. रुग्णालयात जाताना नाव लिहिलेली, झाकणाची, पक्की डबी बरोबर द्या. कागदात किंवा रुमालात कवळी कधीही गुंडाळू नका. दाखल करून घेणाऱ्या परिचारिकेला कवळीबद्दल स्पष्ट सांगा.

संकटकाळच्या पिशवीत औषधांच्या यादीशेजारी कवळीची डबी, मऊ ब्रश, चष्म्याचा जुना का होईना जोड आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या असाव्यात. पूर असो, आग असो की भोंगा असो, ही पिशवी एकाच ठिकाणी टांगलेली असावी.

कवळी नसेल तोवर बिस्किटावर भागवू नका. बाजरीची भाकरी दुधात किंवा आमटीत चुरून द्या. मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली भाजी, चालत असेल तर अंडे, यांतून ताकद मिळते. मूत्रपिंडाचा किंवा अन्य पथ्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून आहार ठरवा.

दंतवैद्याकडे जाताना सर्व औषधे बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली असतील तर दात काढण्यापूर्वी ते आवर्जून सांगा.

मदत कोठे मिळते? निवृत्त सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे आणि तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतवैद्यक विभाग असतो. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, काठी आणि श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी करावी.

भाकरीचा तुकडा

आबांकडे ईसीएचएसचे कार्ड होते. ते कपाटात, पदकांच्या डबीखाली ठेवलेले होते. दातांसाठीही ते चालते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नातवानेच पुढाकार घेतला आणि आजोबांना स्वतः घेऊन गेला.

नवी कवळी आली म्हणून लगेच सारे सुरळीत झाले नाही. पहिल्या आठवड्यात ती टोचली आणि आबांनी ती डबीत बंद करून ठेवली. बहुतेक घरांत कवळीची कथा येथेच संपते. नातू त्यांना माझ्याकडे घेऊन आला. टोचणारी कवळी घरी कानशीने घासू नये आणि दाखवायला येताना ती आधी काही तास घालून यावी, म्हणजे व्रण कोठे पडतो ते दिसते, असे मी सांगितले. तीन खेपांत टोचणे थांबले. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे चावायचे, रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचून उच्चार बसवायचे, हे त्यांनी शिस्तीने केले. शिस्त त्यांना नवी नव्हती.

दिवाळीच्या सुमारास सून पुन्हा आली, तेव्हा आबांचे वजन चार किलोंनी वाढले होते. मुलाची दाढ शाबूत होती. भरतीची यादी लागायची होती. "काल आबांनी भाकरी मागितली," ती म्हणाली, "चुरून नको, तशीच दे म्हणाले." बोलता बोलता ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "डॉक्टर, मी इतके दिवस बघितलंच नव्हतं हो."

वाचकहो, तिच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. मुलाची फी, सासऱ्यांचे औषध, शेतीची चिंता, या सर्वांत जो तक्रार करत नाही तो मागे राहतो. घरची आघाडी म्हणजे अशा न बोलणाऱ्याकडे लक्ष ठेवणे. आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरातील ज्येष्ठांच्या ताटाकडे पाहा. भाकरीचा काठ, कोशिंबिरीचा घास, शेंगदाणे, असे काही कडेला सारलेले दिसले तर प्रेमाने विचारा, "चावत नाही का?" आणि आपण स्वतःच ते ज्येष्ठ असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. आपले गुण आपणच मोजा आणि घरच्यांना सांगा.